चौथ्या अर्थाची रिकामी ओळ

मित्रांनो, मी एक जुने क्रियापद आहे. इंग्रजीतले. माझे नाव 'मिस'. ते ऐकून तुमच्यापैकी काहींना शाळेतल्या बाई आठवतील, कारण त्यांनाही तुम्ही याच नावाने हाक मारता. पण त्यांचे घराणे वेगळे आणि माझे वेगळे. त्यांचा शब्द हा एका लांबलचक मानाच्या संबोधनाचा आखडून उरलेला तुकडा आहे; मी मात्र मुळापासूनच एवढेसे आहे. एकाच नावाची दोन माणसे एका गल्लीत राहावीत आणि पोस्टमनने दोघांचीही पत्रे अदलाबदल करावीत, तसे आमचे होते.

माझा जन्म नेमका केव्हा झाला, हे मला सांगता येणार नाही. शब्दांना जन्मदाखला नसतो. कोणीतरी कधीतरी आम्हाला पहिल्यांदा लिहून ठेवतो, तोच आमचा वाढदिवस धरायचा. मला लिहून ठेवले, त्याला हजार वर्षे उलटून गेली. तेव्हा माझे घर धनुष्याच्या दोरीपाशी होते. बाण सुटे, हवेत एक बारीक शीळ उमटे, आणि लक्ष्याला न शिवता तो पलीकडच्या गवतात नाहीसा होई. त्या निसटण्याला लोक माझे नाव देत. नेम चुकणे, एवढाच माझा संसार. त्याच्याही मागे, भाषांना अजून लिपी फुटली नव्हती तेव्हा, माझ्या मुळाशी 'बदलणे', 'वाट सोडून जाणे' असा काही अर्थ होता, असे जाणकार म्हणतात. जर्मन आणि डच भाषांत माझी चुलत भावंडे आजही सुखाने नांदतात. माझा एक सख्खा भाऊ तर स्वतःचे घर न करता दुसऱ्या शब्दांच्या दारात जाऊन उभा राहतो आणि त्यांचे चांगले चाललेले बिघडवतो. 'मिस्टेक' आणि 'मिसफॉर्च्युन' ही त्याचीच करणी.

वय वाढले तसे माझे अर्थ वाढले. हवे ते हाती न लागणे आणि नको ते अंगाला न लागणे, हा माझा दुसरा अर्थ झाला. कधी मी कोणाचा जीवही वाचवते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? अंगावर येणारा दगड कानाजवळून निघून गेला, तर त्या सुटकेलाही माझेच नाव देतात. पुढे गाड्या आल्या, वेळापत्रके आली, आणि धापा टाकत फलाटावर पोचलेल्या माणसासमोरून शेवटचा डबा निघून जाऊ लागला. तो माझा तिसरा अर्थ.

पण चौथा अर्थ मला कोणी दिला, ते कळलेले नाही. बाणानंतर कित्येक पिढ्या लोटल्यावर तो आला. कोणीतरी सवयीने हात पुढे केला असेल. जे माणूस रोज त्या जागी असायचे ते त्या दिवशी नसेल. आणि तो हात हवेतून तसाच पुढे गेला असेल, नेम चुकलेल्या बाणासारखा. त्या दिवसापासून नसलेल्या माणसाकडे वळलेल्या जीवाला मी माझ्यात जागा दिली. तुमच्या भाषेतही बघा, जवळचे कोणी दूर गेले की तुम्हाला चुकल्या-चुकल्यासारखे वाटते. तुमचा शब्द आणि मी कधी भेटलो नव्हतो. तरी दोघेही आडवाटेने चालत एकाच विहिरीपाशी येऊन थांबलो.

आज मला काम फार आहे. निरोपसमारंभाच्या कार्डांवर मी असते, संदेशांच्या शेपटाला मी असते, आणि माझ्या पाठोपाठ बहुधा एखादे रडके तोंड चिकटवलेले असते. बोटाची एक टिचकी, की मी निघाले. पाठवणारा मला पाठवतो आणि जांभई देतो. इतक्या तोंडांतून रोज जाऊनही माझ्या पोटात कोणी काही घालत नाही. लग्नघरातल्या रिकाम्या ताटासारखी माझी गत झाली होती. सगळीकडे फिरवलेले, पण वाढलेले कुठेच नाही.

अशा दिवसांत मी एका कोशकाराच्या टेबलावर आले.

कोशकार म्हणजे शब्दकोश करणारा. हा कोश शाळेतल्या मुलांसाठी होता: एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला तुमच्या भाषेतला अर्थ, आणि प्रत्येक अर्थाखाली एक उदाहरणाचे वाक्य. त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खाली सायकलदुरुस्तीचे दुकान असल्यामुळे दिवसभर चाकांत हवा भरल्याचा फुस्स-फुस्स आवाज वर येई. भिंतीला लागून लाकडी खणांचे कपाट. प्रत्येक खणावर एक अक्षर. आणि खणात जाड कागदाची कार्डे. एका शब्दाला एक कार्ड. कोशकार उंच, किंचित वाकलेला, आणि अर्धवट ऐकणारा. बहिरा नव्हे हो! समोरचा काय बोलतो यापेक्षा कोणत्या शब्दांत बोलतो, इकडे त्याचा कान असायचा.

त्याची बायको शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाली होती. आणि त्या घराची कामाची रीत अशी होती की अर्थ त्याचे आणि वाक्ये तिची. अभ्यासिकेतून तो शब्द पुकारी, आणि स्वयंपाकघरातून ती वाक्य परत फेकी. तो ते कार्डावर उतरवी, मग इंग्रजीत घडवी. नियम एकच: वाक्य कार्डाच्या एका ओळीत मावले पाहिजे. मुलांचे बोट ओळीवरून घसरता कामा नये, असे त्याचे म्हणणे. ती मोकळ्या मनाने बोले, आणि तो म्हणे, "लांब झालं. काप." हा 'काप' त्या घरात दिवसातून इतक्यांदा ऐकू येई की शेजाऱ्यांना वाटायचे, इथे सारखी भाजीच चिरतात.

"अगं, 'फरगेट'!" तो ओरडे.

"'तो चष्मा कपाळावर चढवून घरभर शोधतो.'"

"चष्मा कशाला मध्ये? मुलांना कळेल का?"

"मुलांना कळेल. तुम्हाला कळला म्हणजे झालं."

'बार्गेन'ला तिने दिले होते, 'तो घासाघीस करायला जातो आणि आभार मानून परत येतो.' 'हँग'ला, 'त्याने खिळा ठोकला आणि भिंत खाली आली.' 'लिसन'ला तर ती क्षणभरही थांबली नाही: 'तो ऐकतो, पण उद्या.'

"'पण उद्या' काप," कोशकार म्हणाला.

"मग वाक्य खोटं होईल."

तो हसला आणि कार्डावर तसेच लिहिले. त्या कोशात 'तो' जिथे जिथे येतो तिथे तो स्वतःच आहे, हे त्याला पहिल्या अक्षरापासून माहीत होते. घरातला हा उघड खेळ होता. मनातल्या मनात त्याला त्याचा अभिमानही वाटे, पण तसे तो कधी म्हणाला नाही. शब्दांचा व्यापार करणाऱ्या माणसाच्या घरी शब्द उधारीवर चालतात, मित्रांनो. सांगून टाकू नंतर, अशा भरवशावर.

'एल'च्या खणाची शेवटची कार्डे चालू असताना लेकीचा फोन आला. ती दूरच्या शहरात नोकरी करायची. बाळ झाले होते, रजा संपत आली होती, आणि आई काही दिवस आली तर बरे होईल, असे तिचे म्हणणे. बायकोने बॅग भरायला घेतली. अभ्यासिकेतून हाक आलीच:

"अगं, 'लव्ह' राहिलंय!"

तिने घडी घालता घालता उत्तर दिले, "'त्याचे शब्दांवर प्रेम आहे.'"

"छान. नेमकं एका ओळीत बसतं."

ती दोन खोल्यांमधल्या पडद्याशी येऊन उभी राहिली. हातात अर्धी घडी घातलेली चादर होती. तो लिहीत होता. ती थोडा वेळ तशीच थांबली, मग चादरीची उरलेली घडी घातली आणि आत गेली. मी तेव्हा माझ्या खणात पुढच्या अक्षराच्या गठ्ठ्यात पडून होते. मला ते थांबणे ऐकू आले. त्याला ऐकू आले नाही. त्यात कुठला शब्दच नव्हता.

ती गेली, आणि 'एम' सुरू झाला.

पहिल्या आठवड्यात त्याने तिला रोज फोन केला. "अगं, 'मेक'! 'मॅनेज'! 'मार्क'!" फोनवर मागून बाळाचे रडणे, भांड्यांचा आवाज, आणि त्यातून तिचे वाक्य यायचे. ते तो उतरवून घ्यायचा, "काप" म्हणायचा, आणि फोन ठेवायचा. तिची प्रकृती कशी आहे, बाळ कोणासारखे दिसते, तिला झोप मिळते का, हे विचारायचे त्याच्या मनात असे. पण आधी काम उरकू, मग निवांत बोलू, असे त्याला वाटे. आणि काम उरकले की बोलायचे राहूनच जाई.

एके दिवशी त्याने 'मॅरी' हा शब्द विचारला. लग्न करणे. पलीकडे नुसती भांडी वाजत राहिली.

"ऐकू येतंय ना?" त्याने विचारले.

"येतंय. अहो, एक विचारू? तुम्ही मला फोन करता की कोशाच्या कचेरीला?"

"म्हणजे?"

"म्हणजे इथे येऊन मला इतके दिवस झाले. तुम्ही मला एवढे शब्द विचारलेत. त्यात 'कशी आहेस' कुठेच आला नाही."

"अगं, ते 'एच'मध्ये झालं ना, 'हाऊ'..."

तो विनोद होता. त्याला वाटले, ती हसेल. ती हसली नाही. "इथे मी बोलते ते शेवटपर्यंत ऐकतात," ती म्हणाली. "कुणी कापत नाही."

मग फोन लेकीने घेतला. "बाबा, मी म्हणत होते, आई इथेच राहिली तर? कायमची. बाळाला तिची सवय झालीय, तिलाही इथे बरं वाटतंय. तुम्ही पण या ना. कोश काय, कुठूनही होईल."

कोश कुठूनही होणार नव्हता. कपाट त्या भिंतीला होते, आणि तो त्या कपाटाला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्याच्या मनात काय चालले होते ते मी सांगते, कारण तेव्हा मी त्याच्या ओठांच्या अगदी आतल्या बाजूला येऊन उभे होते. त्याला वाटत होते की सगळा जन्म तिने दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर काढला. आता तिला कुठे बरे वाटत असेल, तर आपण 'ये' म्हणणे म्हणजे पायात दोरी बांधणे. हा विचार वाईट नव्हता. पण चांगल्या विचारालाही चुकीच्या दारातून बाहेर काढले की तो परक्यासारखा दिसतो. तो अगदी स्वच्छ उच्चारात म्हणाला:

"तिला बरं वाटेल तसं करावं तिने."

मी ओठांपर्यंत येऊन परत फिरले. फोनचा आवाज मोठा ठेवलेला होता. तिने ते ऐकले. त्यानंतर वाक्ये येणे बंद झाले.

आता माझे कार्ड टेबलावर आले. वर माझे नाव, खाली चार अर्थ. पहिल्या तिघांना त्याने स्वतःच वाक्ये लिहिली: 'बाण झाडाला लागला नाही.' 'दगड त्याच्या डोक्याजवळून गेला.' 'तिची गाडी चुकली.' वाक्ये बरोबर होती आणि निर्जीव होती, दुकानातल्या कपड्यांच्या पुतळ्यांसारखी. चौथ्या अर्थासमोर त्याने व्याख्या लिहिली: 'एखाद्या व्यक्तीची उणीव दुःखाने जाणवणे.' आणि तिथे पेन थांबले. व्याख्येखालची ओळ रिकामी राहिली. माझ्यावर काचेचे पेपरवेट ठेवून तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. काचेतून माझे नाव मोठे आणि वाकडे दिसत होते.

दर आठवड्याला प्रकाशकाचा माणूस तयार कार्डे न्यायला यायचा. तो सदा घाईत असे, म्हणून कोशकाराच्या घरी त्याला घाईराव म्हणत. त्या दिवशीही तो जिना चढतानाच बोलू लागला.

"सर, 'एम' द्या! प्रकाशक माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतायत. शाळा उघडायच्या आत पुस्तक दुकानात हवं."

"एक कार्ड अडलंय."

घाईरावाने पेपरवेट उचलले आणि मला वाचले. "हे? सर, हे तर पोरं बोलायला लागायच्या आधी पाठवायला शिकतात. 'आय मिस यू' लिहा आणि मोकळे व्हा."

"ते वाक्य नाही. ते पाकीट आहे. आत काही नाही."

"पाकिटावरच चालतंय जग, सर. माझी बायको माहेरी गेली की मी दोन दिवस राजा असतो. तिसऱ्या दिवशी राजा आपला मुकुट शोधतो, आणि सापडते झाडणी." तो स्वतःच हसला, मग खोलीत इकडेतिकडे बघितले. "वहिनी अजून आल्या नाहीत?"

"नाही."

"कधी येणार?"

कोशकाराने कार्डे नीट रचून त्यांना दोरा बांधला. "ठरलं नाही," तो म्हणाला. त्याने बाकीचा गठ्ठा घाईरावाच्या हाती दिला आणि मला ठेवून घेतले.

मित्रांनो, कोश करणाऱ्यांची एक शिस्त असते. शब्दाचा अर्थ आठवेना, की ते डोक्यावर ताण देत नाहीत. पुरावा गोळा करतात. शब्द कुठे, कोणाच्या तोंडी, कशासोबत येतो हे टिपून ठेवतात. कोशकाराला दुसरे काही येत नव्हते. म्हणून त्याने तेच केले. एक कोरे कार्ड घेऊन तो आपल्याच घरात फिरू लागला, एखाद्या अनोळखी बोलीचा अभ्यास करायला आल्यासारखा, आणि मला खिशात घालून घेऊन गेला.

पहिला पुरावा त्याला सकाळीच सापडला. वर्तमानपत्र आता पहिल्यांदा त्याच्याच हाती येई, घडीही न मोडलेले. वर्षानुवर्षे हीच त्याची तक्रार होती: ती आधी पेपर घ्यायची, त्यातले शब्दकोडे सोडवून टाकायची, आणि मग याच्या हाती भरलेल्या चौकटी यायच्या. कोशकाराच्या घरात भूमितीच्या बाईंनी कोडे सोडवावे, हे त्याला अपमानासारखे वाटे. आता कोडे कोरे होते. त्याने पेन काढले, आडवा पहिला शब्द वाचला, त्याचे उत्तर त्याला लगेच आले. आणि त्याने ते भरले नाही. कार्डावर त्याने लिहिले: 'कोडे कोरे.'

दुसरा पुरावा भांडी घासताना मिळाला. शेवटचे भांडे पालथे घातले की ती 'हे सिद्ध झाले' म्हणायची, प्रमेय संपल्यावर म्हणतात तसे. त्याने शेवटचे भांडे पालथे घातले आणि तो तिथेच उभा राहिला. नळ थेंब थेंब गळत होता. काहीच सिद्ध झाले नव्हते.

तिसऱ्याला वेळ लागला. दुपारी खालचा सायकलवाला पत्ता विचारायला वर आला आणि बोलता बोलता एक शब्द चुकीचा वापरून गेला. कोशकाराने तो दुरुस्त केला. सायकलवाला "बरं बरं" म्हणून उतरून गेला. दार लावताना कोशकाराच्या ध्यानात आले की इतक्या दिवसांत आपण जे जे बोललो ते सगळेच बरोबर ठरले आहे. कोणी "छे!" म्हटले नाही. कोणी "कशावरून?" विचारले नाही. जन्मभर त्याला वाटत आले होते की ती वाद घालते म्हणून आपले काम रेंगाळते. आता वाद नव्हता, आणि बरोबर असण्याची चवही नव्हती. मीठ न घातलेल्या पेजेसारखे त्याचे बरोबर असणे त्याच्या तोंडात फिरत राहिले.

त्याने खुर्चीत बसून त्या पुराव्याच्या कार्डावर वाक्य लिहायला घेतले. ओळ भरली. त्याने ती कापली नाही. कार्ड भरले, मग त्याने ते उलटले, मागची कोरी बाजूही भरली. मी त्याच्या खिशातून त्याच्या छातीचे ठोके ऐकत होते. हजार वर्षांत मी पुष्कळ छात्यांना टेकून राहिले आहे. पण नियम मोडणाऱ्या नियमी माणसाच्या ठोक्यांसारखे दुसरे काही नाही.

त्याने फोन लावला. लेकीने उचलला.

"बाबा, आई बाळाला भरवतेय. शब्द असेल तर मला सांगा, मी विचारून येते."

"शब्द नाही. वाक्य आहे."

"कुणाचं?"

"माझं. तिला म्हणावं, तपासून दे."

पलीकडे पावले वाजली, बाळ कुरकुरले, आणि मग तिचा आवाज आला. जपून ठेवलेल्या काचेसारखा. "बोला."

"लांब आहे," तो म्हणाला.

"बोला तर."

त्याने कार्ड डोळ्यांजवळ धरले आणि वाचले:

"'तू गेल्यापासून पेपर कोरा येतो आणि मला तो उघडवत नाही, भांडी होतात पण संपत नाहीत, मी दिवसभर बरोबर असतो आणि त्याचा मला कंटाळा आलाय, कारण मला चूक म्हणणारं माणूस दुसऱ्या गावी आहे, तुला तिथे बरं वाटत असेल तर राहा असं मी म्हणालो ते खोटं नव्हतं, पण ते अर्धंच होतं, उरलेलं अर्धं असं की तू कशी आहेस हे मला रोज विचारायचं असतं आणि विचारलं तर तू 'बरी आहे' म्हणशील, आणि तू माझ्यावाचून बरी आहेस हे ऐकायची मला भीती वाटते, तू परत यावंस असं मला वाटतं.'"

तो वाचत होता तोवर बाळसुद्धा कुरकुरले नाही. मग भूमितीच्या बाईंनी घसा खाकरला.

"शब्द कुठला होता?"

"'मिस'. चौथा अर्थ."

"यात तो कुठाय?"

त्याने कार्डाची पुढची बाजू पाहिली, मागची पाहिली. "राहिला," तो म्हणाला.

"उदाहरणाच्या वाक्यात शब्द पाहिजे की नको?"

"पाहिजे."

"आणि एका ओळीत?"

"मावलं पाहिजे. पण..." त्याने कार्ड पुन्हा उलटले. "मला कापता येईना गं. कुठून कापू, कळत नाही."

"मग वाक्य नापास," ती म्हणाली. "पुन्हा वाचा."

"नापास ना?"

"नापासच आहे. पुन्हा वाचा. सावकाश. मघाशी बाळ मध्ये मध्ये करत होतं."

बाळ अजिबात मध्ये आले नव्हते. त्याने पुन्हा वाचले. या वेळी त्याने कार्ड डोळ्यांपासून लांब धरले होते. त्याला ते पाठ झाले होते.

मित्रांनो, त्या वाक्यात मी कुठेच नव्हते. माझे एक अक्षरही नव्हते. आणि तरीही, धनुष्याच्या दोरीपासून आजवर, इतके पूर्ण मला कोणी कधी उच्चारले नाही.

वाचून संपल्यावर ती म्हणाली, "हिला महिनाअखेर बाळाला सांभाळणाऱ्या बाई मिळतायत. मला तिने थांब म्हटलं, आणि थांबू नको असं कुणी म्हटलं नाही, म्हणून मी गप्प होते." मग तिचा शाळेतला आवाज परत आला. "कुठवर आलंय काम?"

"'एम' संपत आलाय."

"'एन'ला हात लावायचा नाही. मी येईपर्यंत नाही. 'नीड' आणि 'नेग्लेक्ट' तुम्ही माझ्यामागे उरकून टाकाल, तुमचा भरवसा नाही. आणि अहो..."

"काय?"

"मी बरी नाहीये. विचारलंत तर सांगेन."

"कशी आहेस?" त्याने विचारले. आणि त्या दिवशी त्याने ती जे जे बोलली ते शेवटपर्यंत ऐकले.

माझ्या कार्डावरची ओळ तिनेच भरून दिली, फोनवरून, त्याच बोलण्याच्या शेवटी: 'तिची उणीव भासते, हे त्याने उशिरा सांगितले, पण सांगितले.' तो काहीही न कापता लिहीत गेला. अक्षरे थोडी दाटीने बसवावी लागली, पण ओळ एकच राहिली. तुमच्या हाती तो कोश आलाच, तर तिथे बोट ठेवून बघा.

ती आली, त्या दुपारी मी टेबलावरच होते. जिन्यात बॅग आपटल्याचा आवाज आला, मग तिचा. "हा काय पसारा! 'एम' म्हणजे काय माळा आहे का?" तो बॅग घ्यायला धावला, आणि बॅगेऐवजी त्याने तिचा हातच धरला. तिने टेबल आवरायला घेतले. माझे कार्ड उचलले, वाचले, गालातल्या गालात हसली, घाईराव येईपर्यंत मला खणात माझ्या जागी सरकवले आणि खण लावून घेतला.

आत अंधार झाला. बाहेर तो म्हणत होता, "लांब झालं," आणि ती म्हणत होती, "झालं तर झालं." ते आवाज माझ्यासाठी नव्हते. तिथे माझे काम उरले नव्हते.

मित्रांनो, उणिवेच्या शब्दाचे नशीब हे असे असते. ज्या घरात मला सगळ्यांत जास्त जीव लावला जातो, त्याच घरातून मला सगळ्यांत आधी निघावे लागते. मी आता पुन्हा जगभर फिरते. संदेशांच्या शेपटाला लटकते, कार्डांवर छापले जाते. पण त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीची मला जी ओढ लागून राहिली आहे, तिला काय म्हणावे, हे माझे मलाच कळत नाही. स्वतःसाठी स्वतःला वापरायची सोय शब्दांना नसते.

तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. मला जपून वापरा, असे मी म्हणणार नाही. मला भरून वापरा. माझ्या आधी त्या माणसाचे कोडे, त्याचे भांडे, त्याचे 'छे!' ठेवा, आणि मग मला बोलवा. आणि जमले, तर त्याच्याही पुढे जा. तुमच्या ओठांच्या आत मी येऊन उभे असेन तेव्हा मला तिथेच ताटकळत ठेवू नका. ज्याची आठवण येते त्याला हाक मारा, 'ये' म्हणा, दार उघडा. मला कामावरून काढून टाका, मित्रांनो. जितक्या लवकर तुम्ही मला बेकार कराल, तितके माझे आयुष्य सार्थकी लागेल.